चर्चमागचा डबा

शिनचू, ७ ऑगस्ट, सकाळ

प्रिय यी-रोउ,

डोंगरावर तब्येत सांभाळून असशील. इथे सगळं ठीक. ल्याओ सरांचा खोकला गेला, प्रयोगशाळेतला पंखा अजून कुरकुरतोच. दरडीचा इशारा रेडिओवरून खाली पोचवणारे आपले डबे तू बसवतेयस त्या गावात फोन लागत नाही, म्हणून पत्र. कोबीच्या ट्रकवाल्या मामांकडे देतोय. दुपारपर्यंत पोचेल म्हणाले.

आधी एक किरकोळ गुन्हा. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून तू तुझ्या संगणकावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं होतंस ना, ते उंदरांनी नाही, मी खाल्लं. मार्चमध्ये, सर सगळ्यांसमोर बोलले त्या दिवशी. "यू-छेंग, तीन वर्षं घासून तुझे एकोणीस डबे. हिनं सात महिन्यांत अकरात भागवलं. शीक जरा." तू म्हणालीस, "दादांच्याच आकृतीवरून केलं, सर." त्या नम्रपणानं माझ्या पोटात जास्तच दुखलं.

तुझी आकृती सुंदर आहे. प्रत्येक डब्याचं एक टिंब, ज्यांना एकमेकांचं ऐकू येतं त्यांच्यात रेघ, आणि कमीत कमी टिंबांतून निरोप सगळीकडे पोचेल अशी निवड. चूक सापडावी म्हणून मी ती आठ दिवस चाळली. एक रेघ जास्तीची निघाली नाही. मग तुझा इतका हेवा वाटला की तुझ्याबरोबर जेवायला बसणं टाळू लागलो. तुला वाटलं पोट बिघडलंय, तू पेज आणून दिलीस. तीही मी खाल्ली.

जूनमध्ये तिथे सिग्नल मोजायला मी गेलो. चर्चमागच्या डब्याला खालच्या शाळेतल्या डब्याचं स्पष्ट ऐकू येतं. शाळेतल्याला मात्र त्याचं काहीच ऐकू येत नाही. शाळेजवळच्या पंपाच्या गोंगाटात ते बुडून जातं. तुझ्या आकृतीत रेघ दोन्ही बाजूंनी चालते असं धरलंय. सगळेच धरतात, मीही तीन वर्षं धरलं. कागदावर परतीचा रकाना मी कोरा ठेवला. तू विचारलंस तेव्हा म्हणालो, "सारखंच आहे गं." तू म्हणालीस, "तुम्ही मोजलंय म्हणजे परत बघायला नको."

शनिवारच्या चाचणीत सरांसमोर तुझी फजिती व्हावी, एवढंच मनात होतं. पण काल सर म्हणाले, वादळ येतंय, चाचणी राहू दे, डबे थेट चालू करा. चर्चच्या वरचा उतार सरकू लागला तर त्याची खबर त्या डब्यातूनच खाली यायची. वादळात शाळेत आसऱ्याला गावातली माणसं असतील, आणि तू.

ट्रकमध्ये बारावा डबा आहे. पाण्याच्या टाकीवर लाव. तिथून चर्च आणि शाळा दोघांशी दोन्ही बाजूंनी बोलणं होतं, मी जूनमध्येच मोजलं होतं. पण माझ्यावर विसंबू नकोस, स्वतः मोज.

सरांना आज सगळं सांगतोय. ट्रकमध्ये माझ्यापुरती जागा होती. तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत झाली नाही. आणि हेवा गेलाय असंही नाही. अकराचे बारा झाले याचं मला थोडं बरं वाटतंय, तेही लिहून ठेवतो.

सोबत डबा, नवं हिरवं पाकीट, आणि परतीचा रकाना भरलेला कागद.

दादा म्हणायचं की नाही, ते आता तू ठरवायचंस, असा

यू-छेंग