बादलीवर दोनदा

दि. ११ मार्च

प्रिय ताई,

लांबूनच पाया पडते. जवळ असतीस तर पाठीत धपाटा घातला असतास, "आता आठवण झाली होय गं?" म्हणून. मी मजेत आहे, दाढ सोडली तर. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, आण, उपटून देते. पण त्या घोड्यांच्या डॉक्टर, मी कशाला त्यांच्यापुढे तोंड उघडतेय!

तुमच्याकडून सोडवून आणलेल्या घोडीला इथे तबेल्यात सगळे 'बाईसाहेब' म्हणतात. विटांच्या गाडीच्या पट्ट्याने सोलवटलेला तिचा खांदा भरून आलाय. चाबकाचे वळ राहतील म्हणे. नालबंदाला पाय देते, पण असा तोरा की जसं काही उपकारच करतेय. काल कुरणात चारी पाय वर करून लोळली. घोडं असं लोळलं की त्याची भीती गेली समजायचं, असं आमचे मुकादम म्हणतात. मला रडूच आलं. ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं, दाढ दुखतेय.

आली तेव्हा मात्र पाण्याला शिवेना. बादलीपर्यंत तोंड न्यायची, कान पाडायची आणि दाराकडे बघत राहायची. पाण्यावाचून घोड्याचं पोट अडकतं आणि घोडं हातचं जातं, म्हणून डॉक्टरीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेव्हा कुठे मुकादमांना आठवलं. घोडीचे हाल ज्या बाईने फोनवर कळवले, तिने नाव सांगितलं नव्हतं. पण जाता जाता म्हणाली होती, "बादलीवर तांब्या दोनदा वाजवा. धनी घरात नाही हे तिला त्यावरून कळतं, मगच पिते."

"काय एकेक तऱ्हा असते!" म्हणून मुकादम हसले. मी मात्र तांब्या आणायला धावले.

बाबांचा पारा चढला की मी कोठीत पोत्यांमागे दडायचे. ते बाहेर पडले की तू पिंपावर तांब्या दोनदा वाजवायचीस, मगच मी बाहेर यायचे. हे तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे गं?

मी तांब्या वाजवला. बाईसाहेबांनी बादली रिकामी केली. मग दुसरीही.

तर ताई, फोन तू केलास. भाऊजींच्या घरात राहून, त्यांच्याच घोडीसाठी. आभार मानले की तुला राग येतो, पण आज मानणारच. घोडीच्या वतीने मानते आणि पोत्यांमागे दडलेल्या माझ्या वतीनेही मानते, ते तेव्हा राहूनच गेले.

तुला शिवायला माल देणाऱ्या शिलाईवाल्या काकू भेटल्या होत्या. भाऊजी अजून "चुगली कुणी केली" म्हणून घर डोक्यावर घेतात म्हणे. आणि या उकाड्यात तू मनगटापर्यंत बाह्या घालतेस, असंही काकू म्हणाल्या. मी काही विचारत नाही. विचारलं तर म्हणशील, कढईचा चटका बसला. मला घोड्यांच्या अंगावरचे वळ रोज दिसतात, ताई. मला नको फसवूस.

इथे तबेल्यावर एक खोली रिकामी आहे. खाली खोगिरांचा आणि पट्ट्यांचा ढीग पडलाय, तुझ्यासारखं शिवणारं कुणी नाही. मुकादमांना सगळं सांगितलंय. ते म्हणाले, "बहिणीला आजच बोलवा की, विचारताय काय?" गुरुवारी भाऊजी वीटभट्टीवर गेले की काकू माल घेऊन इकडे निघतील. त्यांच्याच गाडीत बस. सामानाच्या फंदात पडू नकोस. हे पत्र त्यांच्याच हाती देतेय, वाचून फाडून टाक.

बाईसाहेब आता कुणी काही न वाजवता पाणी पितात, त्यामुळे तांब्या खुंटीला लटकवला होता. आज परत खाली काढून घासून ठेवलाय. गुरुवारी मी तो आणि बादली घेऊन फाटकात उभी राहीन आणि तुझी गाडी दिसली की दोनदा वाजवीन.

या वेळी तू बाहेर ये.

तुझी,
पोत्यांमागची