सकाळचे आकडे

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बाबांच्या रक्तातला विषाणू काही हटत नाही. रक्त गाळायचं मशीन मीच चालवते, त्यामुळे हयगय होत नाही. पण तुझ्या गणिताप्रमाणे सहा-सहा तासांच्या चार बैठकांत निकाल लागायला हवा होता आणि तीन तर झाल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांत फरक दिसला नाही तर थांबवू, या वयात इतका त्रास नको. मला धडकीच भरलीय.

आता कबुली. मी तुला फक्त संध्याकाळचे, गाळून झाल्यावरचे आकडे कळवत होते. ते छान असतात. सकाळी पुन्हा जैसे थे. तू तिकडे एकटा, काळजीने जेवण सोडशील, म्हणून लपवलं. सकाळचे सगळे सोबत धाडतेय. रागावू नकोस आणि जेवत जा.

तुझी ताई

७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी रागावलो, मग जेवलो, मग गणिताला बसलो. तुझ्या गोड आकड्यांमुळे मी धरून चाललो होतो की विषाणू सगळा रक्तातच आहे. सकाळच्या आकड्यांनी माझं पितळ उघडं पाडलं. निम्म्याहून जास्त यकृतात दबा धरून बसलाय आणि मशीन थांबलं की रक्तात उतरतो. म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं चाललं होतं. प्रत्येक बैठकीचे शेवटचे तीन तास तर आपण जवळजवळ स्वच्छ रक्तच गाळत होतो.

तेच सहा तास सकाळ-संध्याकाळ वाटून द्यावेत असं नवं गणित सांगतं. सोबतचा कागद मोठ्या डॉक्टरांना दाखव. या वेळी नक्की जमेल असं मात्र लिहवत नाही. मलाही भीती वाटते.

यापुढे वाईट आकडा आधी लिहायचा. लोभ आहेच, तो आकड्यांसकट असू दे.

तुझा धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

वाईट आधी म्हणालास, तर बाबांचं वजन चार किलोंनी उतरलंय. आता दुसरं. तुझ्या नव्या वेळांनी गाळतोय आणि आज सकाळचा आकडा कालच्या संध्याकाळपेक्षा कमी निघाला, म्हणजे रात्रीत यकृतातून काही उतरलं नाही. मी तीनदा तपासून घेतला. मोठे डॉक्टर आता थांबवायचं नाव काढत नाहीत, तुझा कागद खिशात घेऊन फिरतात. मी मशीनपाशीच रडले, तर बाबांनी उलट मलाच पाणी दिलं.

भेटीची वाट पाहते. खालच्या ओळी बाबांच्या हातच्या आहेत.

तुझी ताई

ता. क. चि. गणितज्ञास आशीर्वाद. मला रोज पहाटे हुडहुडी भरायची. ताई घाबरेल म्हणून तिला झोप छान लागली असंच सांगायचो. चार दिवस झाले, भरत नाही. तेवढं गणितात घालून घे.
बाबा