तीन शिंगांची म्हातारी

३ जून
मुलगा लहान होता तेव्हा मी भाजी निवडायला बसले की तो पायाशी बसून कणकेचे प्राणी करायचा. एकाचंही शेपूट जागेवर राहायचं नाही, आणि आम्ही दोघं हसत सुटायचो. आज त्याच्याच घरी कायमची राहायला आले, तर त्यानं मला संगणकावर डायनोसॉरांची बाग उघडून दिली. खेळच आहे. आपण कुंपणं घालायची, चारा टाकायचा, मग तिकीट काढून माणसं बघायला येतात. बाग दोघांची मिळून. तो त्याच्या खोलीतून चालवतो, मी माझ्या. सूनबाई म्हणाली, आता सासूबाईंशी जपून वागायला हवं, त्यांच्याकडे दातवाली मंडळी आहेत. खोली छान, उजेडाची. खिडकीतून समोरचा शिंपी मान खाली घालून शिवताना दिसतो. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी लावलेली रोजनिशीची सवय, म्हणून या चार ओळी.

९ जून
बागेतली तीन शिंगांची एक म्हातारी डायनोसॉर माझी लाडकी झाली आहे. सावलीत बसून असते. तिच्यापुढे कोणी थांबत नाही. जेवताना मुलगा म्हणाला, आई, काढून टाक तिला, उगाच जागा अडवते. मी म्हटलं, मग मलाही काढ की. तो हसला. सूनबाईही हसली, जरा उशिरा.

१४ जून
म्हातारी नाही. मुलाला विचारलं. म्हणाला, अगं, खेळच सारखा विचारतो, जुनं हटवायचं का. आपण न वाचता हो म्हणून टाकतो, एवढं काय मनाला लावून घेतेस.
तिच्या जागी लहानसं नवं कुंपण आहे. आत पलंग, निळी चादर. माझ्या पलंगावर आहे तशीच. कोणीतरी पाठमोरं बसलंय. मी केस सारखे केले. तिनंही केले.

१७ जून
खेळ सुचवतो, प्राणी अस्वस्थ असेल तर त्याला बाहेरचं दिसू देऊ नका. काल मुलानं त्या कुंपणाभोवती झाडं लावली. आज माझ्या खिडकीत पानंच पानं. शिंपी दिसत नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलाला बोलावून दाखवलं. फोनमधून मान वर न करता म्हणाला, छान आहेत की.

१९ जून
दाराला आतून कडी नाही. काल होती. ताट खालच्या फटीतून येतं — सगळं माझ्या आवडीचं. हाका मारल्या. पलीकडे तो फोनवर कोणाला तरी सांगत होता, आई मजेत आहे, रमलीय अगदी. पडद्यावर माझ्या नावापुढची समाधानाची पट्टी हिरवी —

२० जून
कुंपणापुढे कोणी थांबत नाही. पडद्यावर पाटी आली आहे. जुनं आहे, हटवायचं का. माझ्याकडून नाही म्हणता येत नाही. उत्तर त्याच्याकडे. तो जेवतोय. हात धुऊन येईल आणि —
बांगड्या सूनबाईला. तिला मोठ्या होतील, पण तिलाच. आईबाबांचा फोटो धाकट्या बहिणीला, ती पुसून ठेवते. शाल कामवाल्या बाईंना, त्यांना थंडी —
खुर्ची सरकली.
चष्मा मुलाला. त्याला सांगा, आधी नीट वाच, मग