यंत्राची मेमरी जाते कुठे, याचा मामांना खुलासा

कोफोरिडुआ,
मंगळवार, दुकान बंद केल्यावर

तीर्थस्वरूप मामांना भाचा याव याचा वाकून नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? आल्याचा लेप आपण लावत नाही आणि मामीला मात्र लावला म्हणून सांगता, असं सेकोंडीहून येणारा प्रत्येक माणूस मला सांगतो. मामीची तब्येत बरी असावी. काळी बकरी व्याली का? फोन केला असता, पण फोनवर आपण ‘मोठ्यानं बोल’ एवढंच बोलता, आणि मी मोठ्यानं बोललो की ‘ओरडतोस काय वडीलमाणसावर’ म्हणता. तेव्हा हे पत्र सेकोंडीच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतो आहे. (त्याला एक डझन उकडलेली अंडी दिली आहेत. पत्रासोबत अंडी आली नाहीत तर ती त्याचीच होती, आपली नव्हे.)

मामा, आपण जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलंत, म्हणून हा प्रश्न आपल्यालाच विचारावासा वाटला. इंजिनात टाकलेला कोळसा जातो कुठे, ते दिसतं. कॉम्प्युटरच्या पोटातली मेमरी जाते कुठे? गेला महिनाभर मला याच प्रश्नानं झपाटलं आहे. आपल्याला ठाऊकच आहे, आमचं दुकान मयताच्या पुस्तिका आणि पोस्टरं छापतं. माणूस गेला की त्याचं चरित्र, फोटो, प्रत्येक नातेवाइकाची श्रद्धांजली आणि गायची भजनं, असं सगळं रंगीत छापून अंत्यविधीच्या दिवशी वाटायचं. जिवंतपणी ज्याला कुणी ‘बस’ म्हटलं नाही, त्याची पुस्तिका चाळीस पानांची होते. हे सगळं जुळवायचं काम आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर दुकानात कामाला असलेली फेलिशिया करते, आणि तो हल्ली गाभण म्हशीसारखा उठायला मागत नव्हता.

पडद्याच्या कोपऱ्यात एक तक्ता उघडतो. कोणता प्रोग्रॅम किती मेमरी खातो आणि किती शिल्लक आहे, ते त्यात दिसतं. एका सकाळी मी तो सहज उघडला. दुकान नुकतंच उघडलेलं, गिऱ्हाईक नाही, काम नाही, आणि मेमरी जवळजवळ संपलेली! मला आधी चोरीचा संशय आला. (हसू नका. आपणही एकदा डब्यातून वाफ चोरली म्हणून गार्डवर रागावला होतात, मामीनं सांगितलं आहे.) मग फेलिशिया काम करता करता भजनं ऐकते, ती मी बंद केली. पडद्यावरचं घड्याळ बंद केलं. मागचं बोटी गावच्या धबधब्याचं चित्र काढलं. फेलिशिया म्हणाली की आता मीही श्वास घेणं बंद करू का. तरी मेमरी संपलेलीच.

म्हणून बाजारातून मी एक प्रोग्रॅम आणला. त्यावर झाडूचं चित्र. बटण दाबलं की मेमरी स्वच्छ. दाबलं, आणि काय सांगू, तक्त्यातली रिकामी जागा कुटलेल्या फुफूच्या गोळ्यासारखी फुगली! मग मला चाळाच लागला. आलो की झाडू, जेवलो की झाडू, गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की झाडू. पण एक गोष्ट पटेना. झाडू मारल्यावर यंत्र आणखीच रेंगाळायचं. जो फोटो आत्ता पटकन उघडला होता, तोच उघडायला आता जांभई देई. असं का? हा ‘का’ मला झोपू देईना, आणि आमच्या वरच्या मजल्यावर शिक्षक-प्रशिक्षण कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मॅडम लॅम्प्टी राहतात. (डेडे लॅम्प्टी. तेशीच्या आहेत, म्हणजे गा जमातीच्या. आपण नाक मुरडाल हे ठाऊक आहे, पण पुढे वाचा.) त्यांना मी जिन्यातच गाठलं.

त्यांनी खाली येऊन तक्ता पाहिला, झाडू पाहिला, आणि मला विचारलं, “डार्को साहेब, तुम्ही जेवताना प्रत्येक घासानंतर रश्शाचं भांडं बाजारात परत नेऊन देता का?”

मी नाही म्हणालो.

“मग यंत्राला का द्यायला लावता? रिकामी पडलेली मेमरी कुणाच्या कामाची?”

प्रकार असा आहे मामा. यंत्राचा सगळा कारभार पाहणारी एक व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कोणत्या प्रोग्रॅमला किती जागा द्यायची, ते ती ठरवते. देऊन उरलेली जागा ती मोकळी ठेवत नाही. आत्ताच वाचलेल्या फायली तिथे हाताशी ठेवते, कारण माणूस जे आत्ता मागतो तेच थोड्या वेळानं पुन्हा मागतो. डिस्कवरून पुन्हा आणायचं म्हणजे फार हळू काम. आणि एखाद्या प्रोग्रॅमनं जागा मागितली, की या हाताशी ठेवलेल्या फायली मुकाट्यानं बाहेर. म्हणजे मेमरी संपलेली नव्हतीच, कामाला लावलेली होती, आणि मी दिवसातून दहादा ती हाकलून देत होतो. मला लाज वाटायला हवी होती, पण वाटला तो आनंदच. आपल्या नकळत कुणीतरी इतका विचार करून आपल्यासाठी गोष्टी हाताशी ठेवतं! झाडू मी त्याच दिवशी काढून टाकला आणि फेलिशियाची भजनं परत सुरू झाली. दुसऱ्या दिवशी मी आणखी एक प्रश्न घेऊन वर गेलो. तिसऱ्या दिवशी दोन.

एवढ्यात आपले वडीलधारे ओपानिन बेडियाको वारले. आपण त्यांना ओळखत होतात, मेथॉडिस्ट चर्चच्या भजनमंडळात खर्जात गाणारे, कोकोची खरेदी करणारे. पुस्तिकेचं काम आमच्याकडे आलं. त्यांची थोरली मुलगी ग्लॅडिस हॅम्बुर्गला असते. तिनं तिथून फोटो पाठवले, आणि एकेक फोटो असा की बेडियाकोंच्या नाकावरचा प्रत्येक तीळ वेगळा मोजावा. सकाळी त्यांची बायको अफ्राकोमा आजी दुकानात आली. तिला लिहिता येत नाही, म्हणून ती श्रद्धांजली सांगत होती आणि फेलिशिया टाइप करत होती. सोबत पाद्री, दीर आणि दोन नणंदा. सगळे मिळून सांगत होते, आजी मान हलवत होती. मग ती मंडळी गेली, फेलिशिया जेवायला गेली आणि मी म्हटलं, तोवर फोटो घालू.

सातव्या-आठव्या फोटोला यंत्र घरघरू लागलं. डिस्कचा दिवा थांबेचना. बाणाची खूण पडद्यावर ढकलावी तेव्हा एवढीशी हलायची. शहाण्या माणसानं अशा वेळी काम साठवून ठेवलं असतं. मी तक्ता उघडला आणि मॅडमना हाक मारली, कारण हे प्रत्यक्ष घडताना बघायला मिळणार होतं! त्या धावत खाली आल्या. मेमरी भरली, म्हणाल्या, की सिस्टिम त्यातले वापरात नसलेले तुकडे डिस्कवर नेऊन ठेवते. (त्या तुकड्यांना पानंच म्हणतात, मामा. माझ्यासारख्या छापखानेवाल्याला केवढा हर्ष झाला!) लागलं की एक पान परत आणते, त्यासाठी दुसरं नेऊन ठेवते. पण सगळीच पानं एकदम लागत असली, तर बिचारीचा सगळा वेळ ने-आण करण्यातच जातो आणि काम असं काही होतच नाही. मी विचारलं, आणि डिस्कवरचीही जागा भरली तर?

उत्तर द्यायच्या आत पुस्तिकेचा प्रोग्रॅम पडद्यावरून नाहीसा झाला.

“तर हे,” मॅडम म्हणाल्या. “सगळं यंत्र बुडू नये म्हणून सिस्टिम सगळ्यात मोठ्या खाणाऱ्याला मारते. साठवलं होतंत ना?”

मी म्हणालो, मी बघत होतो.

फोटो परत घालता आले असते. आजीची श्रद्धांजली मात्र कुठेच नव्हती. अंत्यविधी शनिवारी, पुस्तिका गुरुवारी छापायला हवी होती आणि तो दिवस बुधवार होता. मी आजीच्या घरी जायला निघालो. मॅडम म्हणाल्या, मीही येते, नाहीतर तुम्ही तिथेही बघत राहाल.

बेडियाकोंच्या घरी सगळी मंडळी अंगणात बसली होती. मी खरं ते सांगितलं. दीर तापले. पाद्री म्हणाले, काही बिघडत नाही, त्यांच्याकडे विधवांसाठी एक तयार मजकूर असतो, फक्त नाव बदलायचं. ग्लॅडिस फोनवर होती, तीही म्हणाली की तेच बरं, भारदस्त दिसेल. मग आजी मला म्हणाली, “बरं झालं गेलं ते. ते मी सांगितलंच नव्हतं, पोरा. लिही आता.”

फेलिशियाला बोलावून घेतलं, डेडेनं आपला लॅपटॉप मांडला. आजीनं सांगितलं की तिचा नवरा तीस वर्षं खर्जात बेसूर गात होता आणि सगळ्या मंडळाला ते ठाऊक होतं. कुणी बोललं नाही, कारण तालमीला सर्वांत आधी येऊन खुर्च्या तोच मांडायचा. ती लग्न होऊन आली तेव्हा त्यानं तिला सायकल शिकवली. तिचे दीर म्हणाले, बायकांना कशाला, तेव्हा तो म्हणाला की ही मला सोडून जायची झाली तर चालत का जावी? शेवटच्या आजारात तो भजन गायला बघायचा, आणि ती म्हणायची, उगी राहा, देवाला ऐकू जाईल. “हे छाप,” आजी म्हणाली. ग्लॅडिस फोनवरून म्हणाली, “आई, लोक काय म्हणतील, आणि माझे फोटो कुठे बसणार?” तेव्हा आजी शांतपणे म्हणाली, “नवरा माझा होता गं. तुझ्या फोटोंचा नव्हता.” पलीकडे ग्लॅडिस रडायला लागली, आणि मग म्हणाली, सायकलचं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

प्रत्येक परिच्छेद साठवल्याशिवाय डेडेनं पुढचा टाइप होऊ दिला नाही. फोटो लहान केले, तिळांसकट. गुरुवारी छपाई झाली. मामा, आपल्याकडे मयताच्या पुस्तिकेनं लोक वारा घेतात, हे आपल्याला ठाऊक आहे. शनिवारी मंडपात ऊन मी म्हणत होतं आणि शोकाच्या लाल-काळ्या कपड्यांतली सगळी माणसं घामेजून वाचत होती. एकही पुस्तिका हलत नव्हती. भजनमंडळातले खर्जवाले एकमेकांकडे बघून हसले आणि मग त्यांना गाता येईना.

मामीला नमस्कार. लेप लावा.

आपला भाचा,
याव डार्को

ता. क. डेडेनं यंत्रात मेमरीची आणखी एक पट्टी बसवून दिली आहे. तेव्हापासून ते एकदाही अडलेलं नाही.

ता. क. दुसरं. यंत्र अडत नसलं तरी मी रोज संध्याकाळी प्रश्न घेऊन वर जातो. काल ती म्हणाली, “याव, मेमरीबद्दलचे तुमचे प्रश्न केव्हाच संपलेत. जो उरलाय तो मला नाही, माझ्या वडिलांना विचारायचा असतो. आणि तो तुम्ही नाही, तुमच्या मामांनी.” तेव्हा मामी इतकी वर्षं जे टुमणं लावून बसली आहे, त्यासाठी आपण पुढच्या महिन्यात रीतीप्रमाणे दारूच्या दोन चांगल्या बाटल्या घेऊन तेशीला त्यांचं दार ठोठावून मागणी घालायला याल का? गुडघ्यासाठी बसमध्ये पुढची जागा राखून ठेवीन. ते त्यांच्याकडचं आंबवलेल्या मक्याचं केंके आणि तळलेला मासा वाढतील. आपण कृपा करून ‘आपलं फुफू नाही का’ असं विचारू नये.

ता. क. तिसरं. पाकीट बंद करण्यापूर्वी डेडेनं हे पत्र वाचायला मागितलं. मेमरीबद्दल मी लिहिलेल्यात तिनं दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली. दुसऱ्या ता. क. मध्ये एकही नाही.