पेडलमध्ये दोष नव्हता
मुरुम, मंगळवार, संध्याकाळ

गिटारचं वाह पेडल आज परत उघडलं. पायानं दाबलं की सूर तोंड उघडल्यासारखा मोकळा व्हायला पाहिजे, पण कितीतरी दिवस तो मला घोंगडीखालून आल्यासारखा ऐकू येतोय. आधी आतला कपॅसिटर बदलला होता, तरी घोंगडी हटेना. आज दुपारी एक रेझिस्टरही बदलला, कथलाचा डाग दिला आणि तसाच ऑर्केस्ट्राच्या तालमीला गेलो.

पहिल्याच गाण्यात आमची गायिका शबाना थांबली आणि तिनं कानांवर हात ठेवले. कीबोर्डवाले नसीरभाई म्हणाले, "सुधाकर, लई टोचतंय रे. पयलं चांगलं होतं की."

"पहिलं दबकं नव्हतं?"

"न्हाय. कधीच नव्हतं."

वाटलं, थट्टा करतायत. पण शबानानं मान खाली घातली.

घरी आलो. अंगण अगदी गप्प वाटलं. बायकोला, सुमनला, विचारलं, "रातकिडे ओरडतायत का गं?"

"हे काय, कान किटले की माझे. तुम्हाला ऐकू येत न्हाय व्हय?"

मग इतके दिवस मी दुरुस्त काय करत होतो? आयुष्यभर या कानांवर भाकरी खाल्ली. आता बारीक सूर गेले, उद्या आणखी काय जाईल?

पेडलमध्ये जुने भाग परत जोडले आणि वाजवलं. तीच घोंगडी. सुमन दारात येऊन म्हणाली, "आता गोड वाजतंय."

वाजत असेल. यापुढं मला तिलाच विचारून वाजवावं लागणार.