आमच्या दारावरचा चिनी आरसा

शांती नगर, मीरा रोड
१ जानेवारी १९९९, दुपार

ती. वन्संस,

मनोरमाचा वाकून नमस्कार. थंडीत तुमचे गुडघे कुरकुरत असतील. मी पाठवलेलं तेल चोळता ना, की मागच्यासारखं शेजारणीला देऊन टाकलंत? इकडे आम्ही तिघं खुशाल आहोत, म्हणजे समोरच्या हंसाबेनच्या बंद दाराला आळीपाळीने कान लावून उभे आहोत. आत्ता आमच्या लेकीचा, निशिगंधाचा, नंबर आहे, तेवढ्यात हे पत्र लिहायला घेतलंय.

कारण तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही साताऱ्याचं स्थळ सुचवलंत, स्वप्नील येऊन मुलगी पाहून गेला आणि त्याच्या आईने सांगितलं की होकार की नकार ते एक तारखेला फोनवर कळवू. आमचा फोन चार वर्षं वेटिंग लिस्टवरच आहे, म्हणून आपला नेहमीचा हंसाबेनचा नंबर दिला. आणि नेमक्या आज हंसाबेन आमच्याशी बोलत नाहीत.

याला जबाबदार तुमचे बंधू. (जन्मात पंचांग उघडलं नाही त्यांनी.) ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना फेंगशुईचं पुस्तक दिलं आणि नवीन वर्षाचं स्वागत यंदा चिनी पद्धतीने करायचं ठरलं. केबिन रोडवरून तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक आला. तो दारामागे बसतो, आणि पहिल्याच दिवशी चहाचा ट्रे घेऊन मी त्याच्यावर पाय दिला. मग किणकिणणाऱ्या नळ्यांचं झुंबर स्वयंपाकघराच्या दारात टांगलं, ते बरोबर यांच्या कपाळाच्या उंचीवर. पाणी प्यायला गेले की घरात शुभ नाद होतो आणि पाठोपाठ अशुभ बोलणं ऐकू येतं. त्यानंतर होकायंत्र घेऊन संपत्तीचा आग्नेय कोपरा शोधला, तर तिथे आपला संडास. पुस्तक म्हणतं की झाकण बंद ठेवा, नाहीतर लक्ष्मी वाहून जाते. आता आपल्या देशी संडासाला झाकण कुठलं? तुमच्या बंधूंनी माळ्यावरून पाट काढला आणि त्यावर ठेवला. (हो, तोच, ज्यावर बसून यांची मुंज लागली होती. आता तुम्हीच काय ते बोला.)

इथपर्यंत हसण्यावारी नेलं. पण परवा आमच्या दारावर अष्टकोनी आरसा लागला. समोरून येणारं वाईट ते समोरच परत पाठवतो म्हणे. आमच्या समोर चार फुटांवर हंसाबेनचं दार! त्या बिचाऱ्या उंधियूचा डबा घेऊन आल्या, आरसा बघितला, डबा माझ्या हातात कोंबला आणि उलट्या पावली परत गेल्या. त्यांच्या सुनेकडे, ममताकडे, तेच पुस्तक आहे. संध्याकाळी त्यांच्या दारावर आमच्या दुप्पट आरसा. यांनी चिडून आणखी दोन लावले, तर त्यांनी ड्रेसिंग टेबलच पॅसेजमध्ये आणून उभं केलं. काल गॅसवाला जिना चढून आला, तर समोर सात गॅसवाले सिलिंडर घेऊन उभे. तो घाबरून सिलिंडर खालीच ठेवून गेला. उंधियूचा डबा अजून आमच्याकडेच पडलाय, रिकामा परत करायचा नाही आणि भरून दिला तर घेणार कोण?

आज अकरा वाजता आत फोन वाजला. हंसाबेननी उचलला आणि अर्धा तास खिदळत बसल्या. भावनगरच्या बहिणीशी बोलून मुद्दाम लाइन अडवत असणार. साताऱ्याचा फोन लागणार कसा? वन्सं, पोरीला तो मुलगा मनापासून आवडलाय, सकाळपासून तिने एक घास खाल्लेला नाही. तुम्ही हे पत्र मिळताच त्यांच्याकडे जा आणि आमच्या खालच्या केमिस्टचा नंबर देऊन या.

तुमची,
मनोरमा

ता. क. – केमिस्टचं राहू द्या. आत्ताच हंसाबेननी दार वाजवलं. "मनोरमाबेन, सातारा का फोन है, जल्दी आओ." तुमचे बंधू धावले ते झुंबराला कपाळ आपटून, बेडकाला लाथ मारून. होकार आला, वन्सं! आणि अकराचा फोनही साताऱ्याचाच होता. स्वप्नीलच्या आईला शेजाऱ्यांकडून मुलीची चौकशी करायची होती, म्हणून मुद्दाम आधी केला. हंसाबेननी सांगितलं, "आजकल इनसे मेरा झगडा है, लेकिन लडकी सोना है." भांडलेली शेजारीण एवढं चांगलं बोलते म्हटल्यावर त्यांना आणखी चौकशीची गरजच वाटली नाही. मी रडले. डबा साखरेने भरून दिला. आरसे दोन्हीकडचे उतरले.

ता. क. २ – बंधूंना फार बोलू नका. तो पहिला आरसा स्टुलावर चढून मीच लावला होता. समोरासमोर दार असलं की मुलीचं लग्न अडतं, असं पुस्तकात मीच वाचलं होतं.

ता. क. ३ – साखरपुडा पंधरा दिवसांत इथेच करायचाय. येताना तुमच्याकडचे दोन पाट घेऊन या. आमचा पाट तुमचे बंधू आग्नेय कोपऱ्यावरून हलवू देत नाहीत, म्हणतात की होकार त्यानेच आणला. आणि पाट का आणलेत ते साताऱ्याच्या मंडळींना सांगू नका.