रिकाम्या पाळण्याचा काटा

१ नोव्हेंबर २००६, बुधवार

आलो एकदाचे भिवंडीत! कामतघरला राहीबाईंच्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या. वर पत्रे, आणि आतल्या खोलीत त्यातला एक पारदर्शक, त्यामुळे दिवसा दिवा लावावा लागत नाही. शेजारच्या पॉवरलूमचा खडखडाट भिंतीतून थेट तळपायांत येतो. मला तर आवडला बाई! कुणाल सकाळीच वडपे गावातल्या गोदामात ड्युटीला जातो; घरी मी आणि आमची सात महिन्यांची लेक, मैना. आईने दिलेला लाकडी पाळणा आढ्याला टांगला. रोज लिहायचं हे इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या जर्नलमुळे लागलेलं वळण. शिक्षण चुलीत गेलं, खोड राहिली.

४ नोव्हेंबर, शनिवार

राहीबाईंनी लूमच्या कांड्या भरायचं काम मिळवून दिलं; दिवसभर नळ्यांवर सूत गुंडाळत बसायचं. मैना नऊला झोपते, साडेनऊला पत्र्यातलं ऊन पाळण्यावर येतं की बाईसाहेब जाग्या आणि रडारड सुरू. पाळणा हलवायला तिसरा हात कुठून आणू? मग बनवलाच. एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारा चिमुकला सेन्सर, पाळण्याशेजारच्या खांबावर चिकटवला. उजेड पडला की त्यातून वीज वाहते. एक ट्रान्झिस्टर, एक रिले, बारा व्होल्टची बॅटरी आणि भंगारात मिळालेली जुन्या झेरॉक्स मशीनची छोटी मोटर. ऊन आलं की मोटर दोरी ओढते, सोडते. ऊन सरकलं की गप्प. मोटरला किती जोर पडतो ते कळावं म्हणून काट्याचा मीटर मध्ये जोडला. ओझं वाढलं की काटा चढतो. रिकाम्या पाळण्याला काटा १८०. दोरीची खात्री होईपर्यंत मैनाला ठेवणार नाही. आठवडाभर रिकामाच चालवून बघते.

६ नोव्हेंबर, सोमवार

राहीबाई सुके बोंबील द्यायला आल्या आणि आपोआप हलणारा पाळणा पाहून दारातच थबकल्या. म्हणाल्या, "रिकामा पालना हालवू नये गो बाय. कोनतरी निजाला येतंय." आमच्याकडेही म्हणतात तसं, पण इतकं घाबरून नाही. मी हसून म्हटलं, येऊ दे की, तेवढ्याच चार कांड्या भरेल. त्या हसल्या नाहीत. चहा न घेताच गेल्या.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवारी लूम बंद. गेल्या शुक्रवारी सामान लावण्याच्या गडबडीत कळलं नव्हतं, आज शांतता कानावर आली. म्हणूनच मोटरचा आवाज नीट ऐकला आणि तो जड वाटला. पाळणा रिकामा, काटा १९०. दोरी बदलली, कड्यांना तेल दिलं. तरी १९०च. असेल काहीतरी, नवं काम आहे.

१३ नोव्हेंबर, सोमवार

आज मैनाला ठेवलं. काटा ३१०, आणि बाईसाहेब ऊन अंगावर घेऊन अकरापर्यंत गाढ! आनंदाने मी एकटीच टाळ्या वाजवल्या. कुणालला दाखवायला कधी एकदा संध्याकाळ होते असं झालं.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

मैनाला काटा २८०. रिकाम्याला २२०. बॅटरी उतरली म्हणावी तर दोन्ही आकडे कमी यायला हवेत. सगळे सांधे पुन्हा डाग देऊन पक्के केले. तेच आकडे. रात्री डोळा लागला नाही.

१८ नोव्हेंबर, शनिवार

मैनाला दवाखान्यात वजनाला नेलं. मागच्या महिन्याच्या कार्डावर सात किलो. आज सहा किलो तीनशे. ताप नाही, जुलाब नाही, पेज चाटूनपुसून खाते, खिदळते. नर्सबाईंनी विचारलं, पोरीला नीट भरवता ना? असा राग आला, आणि रिक्षात बसल्यावर रडूच आलं.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

मैना २५०. रिकामा २५०. जेवढं इकडे वाढतं तेवढंच तिकडे घटतं. कुणाल म्हणतो, तुझा मीटरच भंगार आहे. पण दवाखान्याचा काटा? तोही भंगार? आता मैना त्या पाळण्यात जाणार नाही. बॅटरी काढून दाराशी ठेवली.

२२ नोव्हेंबर, बुधवार

साडेनऊ. ऊन आलं. वारा नाही, दोरी सैल लोंबतेय. पाळणा हलला. राहीबाईंना हाक मारली. त्यांनी उंबरा ओलांडला नाही. म्हणाल्या, "तूच बोलावलंस गो. आता त्याला जा म्हनाचं कोनी?"

२३ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर मैना कडेवर. जेवताना, पाणी भरताना, कांड्या भरताना. आधी तासाभरात हात भरून यायचा. आज संध्याकाळपर्यंत एकदाही हात बदलावा लागला नाही.

आत्ता लक्षात आलं.

उद्या आईकडे निघायचं. कुणाल दहाला टेम्पो आणतोय.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

सव्वानऊ. पिशव्या भरल्या. मी दाराशी बसलेय, मैना शालीत, मांडीवर. झोपलीय. लूम बंद आहेत. काहीच ऐकू येत नाही — बरंय.

कुणाल, लवकर ये.

साडेनऊ. ऊन. बॅटरी माझ्या पायाशी आहे, तारा सुट्या आहेत. तरी मोटर — तो जड आवाज —

काटा हलतोय. २६०. २८०.

बघायचं नव्हतं, तरी —

३१०. पहिल्या दिवशी मैनाचा होता तोच. पाळणा झुलतोय, आणि आतून कुणी खिदळतंय, अगदी तिच्यासारखं. पण मैना माझ्याकडे आहे. डाव्या हातात घट्ट धरलीय, उजव्याने लिहितेय. शाल आहे, गाठ तशीच आहे, फक्त डाव्या हाताला भारच —